निरोप पोचला का?

संगणकाच्या नोकरीतली मुले घरून काम करू लागली, तेव्हापासून मराठी घरांच्या दिवाणखान्यात काही नवे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. भाजी निवडता निवडता आईच्या कानावर पडते, 'काफ्का डाउन आहे', 'रॅबिटमध्ये दहा हजार मेसेज अडकलेत'. ज्यांनी काफ्का वाचला आहे ते चमकतात आणि ज्यांनी वाचलेला नाही ते घाबरतात. प्रागच्या विमा संस्थेत नोकरी करता करता कथा-कादंबऱ्या लिहिणारा आणि १९२४ साली ऐन चाळिशीत क्षयाने गेलेला फ्रान्झ काफ्का हिंजवडीतल्या मुलांच्या तोंडी आला कसा, हे पुढे ओघाने येईलच. आधी हे अडकणारे मेसेज काय असतात आणि त्यांच्या अडकण्याशी तुमचा-आमचा काय संबंध, ते पाहू.

नवे सॉफ्टवेअर उभारायचे ठरले की सुरुवातीच्या बैठकांतच एक प्रश्न येतो. पूर्वी एकच मोठी आज्ञावली सगळी कामे करी. आता एका कामासाठी एक, अशा अनेक छोट्या आज्ञावल्या करतात. रेल्वेचे तिकीट काढताना पैसे घेणारी वेगळी, जागा देणारी वेगळी, मोबाइलवर संदेश पाठवणारी वेगळी आणि हिशेब लिहिणारी आणखी वेगळी. यांनी एकमेकींशी बोलायचे कसे? हा निरोप नेण्या-आणण्याचा जो बंदोबस्त, त्याला संदेशप्रणाली म्हणतात. ती कोणती घ्यायची, यावर तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालतात. वाद बहुधा वेगावर चालतो: कोणती प्रणाली सेकंदाला किती लाख निरोप नेते, कोणती मोठ्या कंपन्या वापरतात. माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकाने सुरू होतो. निरोप किती वेगाने जातो हे नंतर विचारावे. तो हरवला, दोनदा गेला किंवा उलटसुलट क्रमाने गेला तर काय होईल आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडेल, हे आधी विचारावे.

बोलण्याचे मार्ग ढोबळमानाने दोन. एक टेलिफोनचा आणि दुसरा टपालाचा. टेलिफोनवर समोरचा माणूस जागेवर हवा. तो नसला की आपले काम खोळंबते. टपालात पत्र पेटीत टाकून आपण मोकळे होतो. समोरचा जेवायला गेला असेल तर येऊन वाचील. तिकिटाच्या उदाहरणात मोबाइलवर संदेश पाठवणारी आज्ञावली दहा मिनिटे बंद पडली, म्हणून तिकीटच मिळू नये, हे बरोबर नाही. म्हणून मध्ये पेटी ठेवायची. निरोप पेटीत पडतील, रांगेत थांबतील आणि ज्याचे त्याला मिळतील.

ज्यांनी सरकारी कचेरीत किंवा बँकेत काम केले आहे त्यांना ही पेटी परकी वाटणार नाही. आवक-जावक बारनिशी सांभाळणारा कारकून म्हणजेच ती. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, शिक्का. गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद आणि पोच. साहेबाची बदली झाली, शिपाई रजेवर गेला, तरी बारनिशीत पाहून सांगता येत असे की अमुक कागद अमुक दिवशी अमुक टेबलावर गेला. नवी मुले ज्याला 'ब्रोकर' म्हणतात तो हाच कारकून. फरक इतकाच, की तो आता डोळ्यांना दिसत नाही.

निरोपाची चिंता आपल्या इतिहासातही आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याची खबर नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी लागली ती दहा दिवसांनी, आणि तीही एका सावकारी पत्रातून, मोत्यांच्या नि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. राज्याच्या डाकेआधी सावकाराचा कासीद पोचला. ज्याचे पैसे अडकलेले असतात तो निरोपाची व्यवस्था चोख ठेवतो, असा याचा अर्थ मी लावतो. म्हणूनच संदेशप्रणालीचे पुष्कळसे शहाणपण पैशांच्या व्यवहारात जन्मले.

माझी बँकेतली नोकरी जाडजूड खातेवह्यांपासून सुरू झाली आणि संगणकावर संपली. सुरुवातीच्या काळात तारेने पैसे पाठवण्याची सोय होती, टी. टी. म्हणत. नागपूरच्या शाखेने सांगलीच्या शाखेला तार करायची, की अमक्याला एवढी रक्कम द्या. तारेत एक गुप्त आकडा असे. तो जुळला की तार खरी. पण तार गहाळ होऊ शकते किंवा तिच्यातला आकडा चुकू शकतो. म्हणून त्याच मजकुराची एक प्रत मागाहून टपालानेही जाई. तिच्यावर 'पुष्टीसाठी' असे ठळक लिहिलेले असे. आता सांगलीच्या कारकुनापुढे एकाच व्यवहाराचे दोन कागद आले. त्याने दुसऱ्या कागदावरही पैसे दिले, तर बँक बुडाली. यावर उपाय साधा होता. प्रत्येक टी. टी.ला अनुक्रमांक असे आणि पैसे देण्याआधी रजिस्टरात तो क्रमांक शोधायचा. सापडला तर कागद फाइलला लावायचा, नाही सापडला तर पुढची चौकशी करायची. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. त्या कारकुनाचे काम मात्र संपलेले नाही, ते आज्ञावलीकडे आले आहे.

यामागे एक अडचण आहे आणि ती कितीही पैसा ओतला तरी सुटत नाही. मी पत्र पाठवले आणि पोच आली नाही, तर दोन शक्यता राहतात: पत्र हरवले असेल किंवा पोच हरवली असेल. मला बसल्या जागी दोन्ही सारख्याच दिसतात. गप्प बसलो तर कदाचित निरोप कधीच पोचणार नाही. पुन्हा पाठवला तर कदाचित दोनदा पोचेल. संगणकशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच दोन सेनापतींचे उदाहरण घेऊन हे सिद्ध केले, की बेभरवशाच्या वाटेवरून निरोपांची कितीही देवाणघेवाण केली तरी दोघांचीही पुरती खात्री कधीच पटणार नाही. तेव्हा 'जास्तीत जास्त एकदा' आणि 'कमीत कमी एकदा' एवढेच दोन खरे पर्याय उरतात. विक्रेते 'नेमका एकदाच' असे तिसरे आश्वासन देतात. ते खोटे नसते, पण त्याला कुंपण असते. प्रणालीच्या अंगणात ते पाळले जाते. निरोप अंगणाबाहेर पडून कोणाच्या खात्यात पैसे जमा करू लागला, की पुन्हा सांगलीच्या कारकुनाचे रजिस्टर लागतेच.

हे तात्त्विक वाटेल, म्हणून आपल्या गावातले उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेला पिग्मीच्या वसुलीसाठी नवे सॉफ्टवेअर करायचे आहे. एजंट हातात छोटे यंत्र घेऊन बाजारात फिरतो. भाजीवाल्या मावशी त्याला दोनशे रुपये देतात. मंडईत रेंज नाही. यंत्र तो निरोप पोटात ठेवते आणि रेंज आली की पाठवते. पोच येण्याआधी रेंज पुन्हा जाते. यंत्र निरोप पुन्हा पाठवते. प्रत्येक वसुलीला क्रमांक दिला असेल तर संस्थेचा संगणक म्हणेल, हा आधीच आला आहे. दिला नसेल तर मावशींच्या खात्यात चारशे दिसतील आणि संध्याकाळी एजंटाच्या रोकडीत दोनशे कमी भरतील. एजंट चोर ठरेल. याउलट यंत्र पुन्हा पाठवण्याच्या भानगडीत पडलेच नाही, तर मावशींचे दोनशे गेले. एखादे दिवशी पैसे भरल्याचा निरोप मागे राहून काढल्याचा पुढे गेला, तर खात्यात पैसे असूनही 'शिल्लक नाही' म्हणून त्यांना परत पाठवतील. यात सेकंदाला लाख निरोपांचा प्रश्न कुठेच आलेला नाही. दिवसाला दोन हजार निरोपांतही माणसाची अब्रू जाऊ शकते.

आता बाजारात मिळणाऱ्या प्रणालींकडे वळू. त्यांची दोन घराणी आहेत, एक टपालाचे आणि दुसरे खातेवहीचे.

टपालाच्या घराण्यातले आजचे ओळखीचे नाव रॅबिटएमक्यू. त्याची मुळेही पैशांच्याच जगात आहेत. १९८० च्या दशकात मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी अमेरिकेत 'इन्फर्मेशन बस' नावाची कल्पना प्रत्यक्षात आणली. शेअरबाजारातल्या दलालांच्या टेबलांवर भावांचे आकडे ज्याला हवे त्याला तत्काळ पोचवणारी ती व्यवस्था होती; तिच्यातूनच पुढे १९९७ साली टिबको ही कंपनी निघाली. पण अशा व्यवस्था महाग होत्या आणि एका कंपनीची दुसरीशी बोलत नसे. म्हणून जेपी मॉर्गन चेस बँकेतल्या जॉन ओहारा यांनी २००३ साली सर्वांना वापरता येईल अशी निरोपांची एक खुली भाषा आखायला घेतली. त्या भाषेत बोलणारी रॅबिटएमक्यू २००७ साली आली. ती लिहिली आहे अर्लांग या भाषेत. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली. या घराण्याची रीत पोस्टमनची. पत्र कोणत्या पेटीत टाकायचे ते तो पत्ता पाहून ठरवतो, घेणाऱ्याने पोच दिली की ते पत्र त्याच्या पिशवीतून नाहीसे होते, आणि पोच नाही मिळाली तर पुन्हा दार ठोठावतो. वाटायची कामे असतील, प्रत्येक काम एकानेच करायचे असेल, तर हा पोस्टमन उत्तम.

दुसऱ्या घराण्याचे नाव काफ्का. लिंक्डइन कंपनीत रोज उसळणाऱ्या माहितीचा लोंढा आधीच्या संदेशप्रणालींना झेपेना, म्हणून जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव या तिघांनी ती घडवली आणि २०११ साली सर्वांसाठी खुली केली. नेहा नारखेडे पुण्याच्या; शिक्षण पुण्यातल्या पीआयसीटी महाविद्यालयात आणि पुढे अमेरिकेत. नाव क्रेप्स यांनी सुचवले. जी प्रणाली प्रामुख्याने लिहिण्यासाठी बेतलेली आहे तिला एखाद्या लेखकाचे नाव शोभेल, असे त्यांना वाटले आणि काफ्का त्यांच्या आवडीचा. गंमत अशी, की मरणोन्मुख सम्राटाने धाडलेला निरोप राजवाड्याच्या चौकांतून बाहेरच पडू शकत नाही, अशी एक छोटी गोष्ट याच काफ्काने लिहून ठेवली आहे. निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेला न पोचणाऱ्या निरोपाच्या लेखकाचे नाव मिळाले!

काफ्काची रीत खातेवहीची. आलेला प्रत्येक निरोप शेवटच्या ओळीखाली लिहायचा. आधीची ओळ खोडायची नाही. वाचणाऱ्याने निरोप उचलून न्यायचा नाही, फक्त आपण कुठवर वाचले तिथे खूण ठेवायची. त्यामुळे दहा जण तीच वही आपापल्या गतीने वाचू शकतात आणि एखाद्याचे चुकले तर तो मागच्या पानापासून पुन्हा वाचू शकतो. न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने १८५१ पासूनचा आपला सारा छापील मजकूर अशाच एका वहीत ओळीने लावून ठेवल्याचे २०१७ साली सांगितले. नवी आज्ञावली आली, की तिला ती वही पहिल्या पानापासून वाचायला द्यायची.

पण खातेवहीचेही नियम असतात. पूर्वी शाखेत बचत खात्यांची एकच वही नसे. पहिल्या पाचशे खात्यांची एक, पुढच्या पाचशेंची दुसरी. प्रत्येक वहीत क्रम पक्का. पण दोन वेगळ्या वह्यांतल्या नोंदींत आधी कोणती, हे वहीवरून कळत नसे. काफ्काचे तंतोतंत असेच आहे. एका खात्याच्या सगळ्या नोंदी एकाच वहीत जातील हे आपण पाहिले नाही, तर भरण्याआधी काढल्याची नोंद वाचली जाऊ शकते. शिवाय ही वही आपण वेगळे सांगितले नाही तर सात दिवसांनी जुनी पाने फाडू लागते. कायमची राहील असे गृहीत धरून बसलेल्याची निराशा व्हायची. अलीकडे दोन्ही घराण्यांनी एकमेकांचे गुण थोडेथोडे उचलले आहेत, तरी स्वभाव वेगळे आहेत. मुलगी देताना जसा स्वभाव पाहतात, तसा इथेही पाहावा.

निवड चुकली, किंवा निवडीनंतर डोळे मिटले, तर काय होते? याचे सर्वांत दारुण उत्तर इंग्लंडमध्ये सापडते. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून गावोगावच्या टपाल केंद्रांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली. फुजित्सू कंपनीकडे तिचे काम होते. सुरुवातीच्या होरायझनच्या पोटात 'रिपोस्ट' नावाची संदेशप्रणाली होती. केंद्रातल्या एका खिडकीवर झालेला व्यवहार तिने दुसऱ्या खिडकीला आणि मुख्य संगणकाला कळवायचा. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावच्या कॅलेंडर स्क्वेअर केंद्रात २००५ मध्ये उघड झाले, की कधीकधी एका खिडकीचे निरोप दुसरीपर्यंत पोचतच नाहीत. एका खिडकीवर आवक धरलेली रक्कम दुसऱ्या खिडकीला दिसत नसे आणि तिथे ती पुन्हा आवक धरली जाई. हिशेबात मग प्रत्यक्षात नसलेली तूट उभी राही.

होरायझनमधला हा एकमेव दोष नव्हता, आणि सगळी प्रकरणे त्याच्यामुळे घडली असेही नाही. पण कारण काहीही असो, संगणक म्हणेल ती तूट केंद्र चालवणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायची, असा शिरस्ता होता. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक केंद्रचालकांना होरायझनच्या आकड्यांच्या आधारे चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब या गुन्ह्यांखाली दोषी ठरवण्यात आले. कोणाची घरे गेली, कोणाचे संसार मोडले, काहींनी जीव दिला. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा सरे परगण्यात केंद्र चालवत. २०१० साली त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. कॅलेंडर स्क्वेअरच्या दोषाचा विषय त्यांच्या खटल्यात निघालाही होता. तरी ज्यूरीने त्यांना दोषीच ठरवले. न्यायाधीश फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये होरायझनमधले दोष एकेक करून निकालपत्रात नोंदवले. मिश्रा यांची शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. उरलेल्या शेकडो जणांसाठी ब्रिटिश संसदेला मे २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला.

प्रत्येक यंत्रात दोष निघतात. तारेतही आकडे चुकत. पण तेव्हा तूट निघाली तर दोन्ही शाखांची रजिस्टरे समोरासमोर ठेवून टिक मारण्याचा रिवाज होता आणि माणसाला चोर म्हणण्याआधी कागद शोधला जाई. होरायझनच्या केंद्रचालकाला आपल्या निरोपाचे पुढे काय झाले हे पाहण्याची सोयच नव्हती. निरोप हरवला यंत्राने आणि सिद्ध करायचे माणसाने, अशी ती वाटणी होती.

आपल्या मुंबईत याचा उलटा प्रकार घडला. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आला. रक्कम पुढे तेरा हजार कोटींच्या वर गेली. तिथे 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय बँकिंग संदेशप्रणालीवरून परदेशी हमीपत्रांचे निरोप जात होते आणि बँकेच्या मुख्य संगणकातल्या हिशेबात त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. निरोप अचूक पोचत होते. वहीला त्यांचा पत्ता नव्हता. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ही जोडणी करण्याची मुदत घालून दिली. वहीतली नोंद आणि जावक निरोप या दोन गोष्टी एकाच दमात व्हाव्यात, एक झाली आणि दुसरी राहिली असे होता कामा नये, हा बँकेतल्या व्हाउचराचा जुना नियम. नव्या मुलांच्या भाषेत त्याला 'आउटबॉक्स' म्हणतात: निरोप आधी त्याच वहीत लिहायचा आणि मग तिथून उचलून पाठवायचा. नवे सॉफ्टवेअर उभारताना प्रणालीचे नाव ठरण्याआधी हे ठरले पाहिजे.

मग निवड करावी तरी कशी? माझ्या अनुभवाने सुचणारे प्रश्न साधे आहेत. निरोप हरवला तर कोणाचे नुकसान, आणि दोनदा गेला तर कोणाचे? 'तुमची ऑर्डर निघाली' हा संदेश दोनदा आला तर माणूस हसून सोडून देईल. वीजबिलाचे पैसे दोनदा गेले तर सोडणार नाही. क्रम महत्त्वाचा आहे का, आणि असल्यास कोणत्या मर्यादेत? निरोप काम झाल्यावर पुसून टाकायचा की वर्षभराने कोणी विचारले तर दाखवायचा? निरोप रांगेत तुंबले, तर ते रात्री दोन वाजता पाहणारा माणूस आपल्याकडे आहे का? या शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले, तर अनेक मोठी नावे आपोआप गळतात.

कारण लिंक्डइनला जो लोंढा आवरायचा होता तो आपल्या पतसंस्थेकडे नाही. यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला एक हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. तसल्या पसाऱ्याला अवजड यंत्रणा लागणारच. दिवसाला दोन हजार निरोप असतील, तर ज्या डेटाबेसमध्ये खाती आहेत त्याच्यातच 'पाठवायचे निरोप' असा एक तक्ता करून ठेवला आणि दर मिनिटाला तो पाहून निरोप पाठवले, तरी काम भागते. चार खोल्यांच्या घराला धरणाचा दरवाजा बसवत नाहीत. पण मोठ्या कंपनीत नोकरी मिळवताना काफ्काचा अनुभव विचारतात, म्हणून लहान कामातही काफ्का आणला जातो, असे तरुण मित्रच मला सांगतात. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न मला समजतो. तरी दुसऱ्याच्या पैशांनी आपले शिक्षण करू नये, एवढे म्हणायलाच हवे.

एक प्रश्न मात्र लहान-मोठ्या सर्वांना लागू आहे. जे निरोप कोणत्याच दारात स्वीकारले जात नाहीत, त्यांचे काय? टपाल खात्यात अशा पत्रांसाठी वेगळी कचेरी असते. तिला पूर्वी मृतपत्रांची कचेरी म्हणत, आणि संगणकवाल्यांनी तेच नाव उचलले आहे: 'डेड लेटर क्यू'. बँकेत अशा रकमा 'सस्पेन्स' खात्यात पडत. चांगला मॅनेजर रोज सकाळी आधी ते खाते पाही, कारण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी वाट पाहत बसलेला असे. नव्या प्रणालीत ही मृतपत्रांची पेटी ठेवता येते. ती उघडणारा माणूस नेमलेला असतो का? बैठकीच्या टिपणात त्याचे नाव लिहिलेले नसेल, तर निवड पुरी झालेली नाही असे समजावे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये एक परिपत्रक काढून या बाबतीत चांगला पायंडा पाडला. यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. शंभर रुपये ही रक्कम मोठी नव्हे. पण हरवलेल्या निरोपाचा भार पाठवणाऱ्या गरिबावर टाकायचा नाही, ज्यांची यंत्रणा त्यांनीच तो उचलायचा, हे तिथे कागदावर आले. इंग्लंडच्या केंद्रचालकांच्या नशिबी अशी वाटणी आली असती, तर कित्येक घरे वाचली असती.

म्हणून संगणकाच्या क्षेत्रातल्या मुलामुलींना एक विनंती. संदेशप्रणाली ठरवण्याच्या बैठकीला एक खुर्ची जास्त मांडा आणि तिच्यावर हिशेब जुळवणारा कारकून, पिग्मीचा एजंट किंवा खिडकीवर शिव्या खाणारी मुलगी यांपैकी कोणालातरी बसवा. रॅबिट आणि काफ्का यांतला फरक त्यांना कळणार नाही. पण 'मशीन म्हणते पैसे आले नाहीत आणि मावशी म्हणतात मी दिले, तर मी कोणती वही उघडून पाहू?' हे ते नक्की विचारतील. त्या प्रश्नाला ज्या प्रणालीत सरळ उत्तर देता येईल, ती घ्या.